लाल्याला पाहिलेली माणसे

ठाण्यात आता त्यांचे पूर्ण नाव फारसे कुणी घेत नाही. आज घाणेकरला प्रयोग आहे, घाणेकरपाशी उतरतो, घाणेकरची तिकिटे मिळाली का, असेच बोलले जाते. रिक्षाचालकालाही तेवढे पुरते. हिरानंदानी मेडोज परिसरातील महापालिकेच्या नाट्यगृहाला डॉ. काशिनाथ घाणेकर यांचे नाव दिले गेले आणि बघता बघता ते नाव एका पत्त्यात विरघळून गेले. मोठ्या माणसांच्या नावांचे शहरात असेच होते. गडकरी म्हटले की आधी तलावपाळीवरचे रंगायतन डोळ्यांसमोर येते, राम गणेश मागाहून.

या नाट्यगृहात येणाऱ्या प्रेक्षकांत दोन पिढ्या सहज वेगळ्या काढता येतात. चाळिशीच्या आतल्यांनी घाणेकर पाहिले ते २०१८ सालच्या चित्रपटात, सुबोध भावे यांच्या रूपाने. त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर कधी सत्तरी ओलांडलेले एखादे जोडपे बसलेले असते. त्यांनी खरे घाणेकर पाहिलेले असतात. त्यांतल्या काहींची तर त्यांच्याशी भेटही झालेली असते. निदान ते तसे सांगतात. प्रस्तुत वार्ताहराचा जन्मच घाणेकरांच्या निधनानंतरचा. त्यामुळे ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील ज्येष्ठ रसिकांच्या बोलण्यातून जे कानावर येते ते ऐकायचे आणि या नटाच्या आयुष्याच्या ज्ञात हकिगतीशी ते ताडून पाहायचे, एवढाच मार्ग उरतो. घाणेकरांच्या बाबतीत हा मार्ग काहीसा अपरिहार्यही आहे. त्यांचे चित्रपट आजही पाहता येतात, पण ज्या नाटकांनी त्यांना मोठे केले ती पाहता येत नाहीत. नाटकांचे चित्रीकरण सर्रास होऊ लागण्यापूर्वीचा तो काळ. रंगमंचावरचे घाणेकर उरले आहेत ते केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत, आणि पाहणारे दरवर्षी कमी होत आहेत.

काशिनाथ घाणेकर यांचा जन्म १४ सप्टेंबर १९३० रोजी चिपळूणला झाला. कोकणातल्या हुशार मुलाने त्या काळी मुंबई गाठून जे करावे तेच त्यांनी केले. ते शिकले, दंतवैद्य झाले, व्यवसायाला लागले. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या डॉ. इरावती भिडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मध्यमवर्गाच्या मोजमापाने आयुष्य मार्गी लागले होते. परंतु दवाखान्यातून बाहेर पडलेली त्यांची पावले नाटकाच्या तालमींकडे वळत. तिथे त्यांना पहिले स्थान मिळाले ते विंगेतले, प्रॉम्प्टरचे. प्रॉम्प्टरचे काम मोठे चमत्कारिक असते. सारे नाटक त्याच्या डोळ्यांखाली असते, नटाचा शब्द अडला की तो त्याने पुरवायचा असतो, आणि त्याचा आवाज प्रेक्षकांत ऐकू गेला तर ते त्याचे अपयश. पुढे ज्यांच्या आवाजासाठी माणसे रांगा लावणार होती त्यांनी आरंभीचा काळ कुजबुजण्यात घालवला, हे वाचताना गंमत वाटते. तो काळ त्यांना मात्र गमतीचा वाटला नसावा.

१९६२ मध्ये वसंत कानेटकर यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले. मास्टर दत्ताराम यांचे शिवाजी महाराज आणि घाणेकरांचा संभाजी. या संभाजीमागे एक पार्श्वभूमी आहे. बखरींनी आणि जुन्या नाटकांनी उभा केलेला संभाजी हा व्यसनी, उच्छृंखल राजपुत्र होता. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या प्रतिमेला अभ्यासकांच्या पातळीवर पहिला मोठा तडा गेला. कानेटकरांनी लिहिली ती मात्र घरातली गोष्ट. थोर बाप, दुखावलेला मुलगा आणि मधले न बोलले गेलेले सारे. ग्रंथ थोड्यांनी वाचला, नाटक हजारोंनी पाहिले. त्या हजारोंच्या मनात संभाजीचा चेहरा म्हणून जो बसला तो घाऱ्या डोळ्यांच्या, धारदार नाकाच्या या दंतवैद्याचा. एका भूमिकेने नट घडतो असे आपण सैलपणे म्हणतो. इथे एका नटामुळे एका ऐतिहासिक व्यक्तीकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हातभार लागला. पुढे कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्येही त्यांनी संभाजी केला.

त्यानंतर आला लाल्या. प्रभाकर पणशीकर यांच्या नाट्यसंपदेचे ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ मध्ये रंगभूमीवर आले. लेखक पुन्हा कानेटकरच. पणशीकरांचे प्राध्यापक विद्यानंद आणि घाणेकरांचा उनाड विद्यार्थी लाल्या. तत्त्वनिष्ठ गुरू खोट्या आरोपामुळे उद्ध्वस्त होऊन वाट सोडतो आणि त्याच्या मायेने बदललेला वाह्यात शिष्य वाटेवर येतो, असा हा उलटा प्रवास. नाटकाचा कणा विद्यानंद हाच होता, हे संहिता वाचणाऱ्या कुणालाही कळेल. तिकीटबारीवर मात्र लाल्या चालत होता. लाल्याच्या पहिल्या प्रवेशाला नाट्यगृहात शिट्ट्या वाजत, असे तो प्रयोग पाहिलेले बहुतेक सगळे सांगतात. मराठी नाटकाला शिट्टी ही गोष्ट तोवर घरंदाज मानली जात नव्हती. आणि शिट्टी वाजवणारे कोण, तर बँकेतले, रेल्वेतले, मंत्रालयातले कारकून आणि महाविद्यालयातली मुले.

हे कारकून आणि ही मुले राहत कुठे, याचा विचार केला की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणचा या गोष्टीशी असलेला संबंध लक्षात येतो. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतल्या खोल्या पुरेनाशा झाल्या तशी मराठी कुटुंबे साठ आणि सत्तरच्या दशकांत मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे सरकत गेली. भाडे आणि पागडी परवडत नव्हती, ब्लॉक मात्र परवडत होता. या मंडळींनी सामानाबरोबर नाटकाचे वेडही आणले, पण नाट्यगृहे मागेच राहिली. ठाण्याला गडकरी रंगायतन मिळाले ते १९७८ मध्ये, म्हणजे घाणेकर ४८ वर्षांचे झाल्यावर. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर त्याही नंतरचे. त्यामुळे लाल्या पाहायचा तर दादरच्या शिवाजी मंदिराची किंवा गिरगावातल्या साहित्य संघाची वाट धरावी लागे. प्लॅन उघडायच्या दिवशी कचेरीला दांडी मारून रांगेत उभे राहायचे, रात्रीच्या प्रयोगाला जायचे, मध्यंतरात बटाटेवडा खायचा आणि पडदा पडला की दादर स्थानकाकडे धावत सुटायचे, कारण शेवटची कल्याण लोकल कुणासाठी थांबत नसे.

आणि नेमका इथेच पेच होता. घाणेकरांना भेटायचे तर प्रयोगानंतर रंगपटाकडे जायला हवे, आणि रंगपटाकडे गेले की गाडी चुकणार.

मराठी रंगभूमीची ही एक जुनी, सुंदर चाल आहे. पडदा पडल्यावर प्रेक्षक थेट आत जाऊन नटाला भेटू शकतो. चित्रपटातला तारा दुरून, कधी तर नुसता मोटारीच्या काचेतून दिसतो. नाटकातला नट मात्र तोंडावरचा रंग पुसता पुसता तुमच्याशी बोलतो. घाणेकर चित्रपटाचे नायक होते आणि नाटकाचेही, त्यामुळे पडद्यावर पाहिलेला माणूस हातभर अंतरावर उभा दिसण्याची सोय त्यांच्या चाहत्यांना होती. या सोयीचा लाभ घेतलेली जी माणसे आज आपल्या शहरांत आहेत त्यांच्या आठवणी ऐकताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांना घाणेकर काय बोलले ते आठवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते काही बोललेही नसावेत. लक्षात आहेत ते डोळे. कुणाच्या लक्षात कपाळावर आलेले केस आहेत, कुणाच्या लक्षात घामाने ओला झालेला सदरा. स्वतःच्या तोंडून शब्द फुटला नाही, हे तर जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. महिनाभर मनात घोळवलेले वाक्य ऐन वेळी घशातच राहिले आणि वही पुढे करून, सही घेऊन परत फिरावे लागले. ती वही पुढे कुठे गेली, याच्या हकिगती अधिक तपशिलाने सांगितल्या जातात. घर बदलताना हरवली, रद्दीत गेली, २६ जुलै २००५ च्या पुरात भिजली.

या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, हेही सांगायला हवे. कुणाला ते उंच वाटले, कुणाला बेताचे. नाटकात न झालेला प्रसंग कुणी नाटकातला म्हणून सांगतो आणि थोडे विचारल्यावर तो चित्रपटातला निघतो. भेटलो होतो असे ठामपणे सांगणारे एखादे आजोबा, आजींनी हसून टोकल्यावर, आपण गर्दीच्या मागे उभे होतो आणि आपल्याला डॉक्टरांची पाठ तेवढी दिसली, असे कबूल करतात. अशा कबुलीने त्या आठवणीची किंमत कमी होते असे वाटत नाही. शेवटची लोकल चुकवून, फलाटावर रात्र काढायच्या तयारीने कुणाची पाठ पाहायला थांबावे, ही त्या काळाविषयीची पुरेशी माहिती आहे.

चित्रपटांतले घाणेकर हा काहीसा वेगळा माणूस. १९६४ मध्ये भालजी पेंढारकर यांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये ते दिसले. त्याच वर्षी राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरच्या या रहस्यपटाची बांधणी इतकी चोख होती की दोनच वर्षांत राज खोसला यांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला आणि घाणेकरांची जागा सुनील दत्त यांनी घेतली. १९६७ चा ‘मधुचंद्र’ हा दिग्दर्शक राजदत्त यांचा पहिला चित्रपट. संगीत एन. दत्ता यांचे, नायिका उमा. त्यातले घाणेकर हसरे, खट्याळ आहेत. संभाजी आणि लाल्याचा भडका इथे नाही. ‘पडछाया’, ‘एकटी’, ‘झेप’, ‘अजब तुझे सरकार’ हेही त्यांचे चित्रपट. १९७६ मधील वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ तर आजही लोक आवडीने पाहतात. हिंदीत ‘दादी माँ’ आणि ‘अभिलाषा’ या चित्रपटांत त्यांनी कामे केली, पण तिथे त्यांचे बस्तान बसले नाही.

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवला जाऊ लागला. चाळीत किंवा सोसायटीत ज्या एका घरी दूरचित्रवाणी संच असे तिथे दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. दादरला जाणे ज्यांना जमले नाही अशा घरच्या बायकांना, मुलांना घाणेकर भेटले ते या शनिवारी. त्यामुळे एकाच घरात वडिलांचे घाणेकर लाल्या आणि आईचे घाणेकर ‘मधुचंद्र’मधले, अशी वाटणी झालेली आढळते. माझ्या मते अधिक अस्सल घाणेकर वडिलांचे होते. पण आईंच्या घाणेकरांना आजही पडद्यावर पाहता येते, ही त्यांची जमेची बाजू.

एक सल मात्र या साऱ्या कीर्तीच्या तळाशी आहे. ‘अश्रूंची झाली फुले’वरून हिंदीत १९६९ मध्ये ‘आँसू बन गये फूल’ निघाला. अशोककुमार प्राध्यापक झाले आणि उनाड शिष्याची भूमिका देव मुखर्जी यांनी केली. पुढे १९८४ मध्ये यश चोप्रा यांनी त्याच नाटकाच्या आधारे ‘मशाल’ काढला. त्यात दिलीपकुमार यांच्यासमोर अनिल कपूर होते आणि सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या भूमिकेने घाणेकरांना डोक्यावर घेतले गेले ती दोनदा पडद्यावर गेली आणि दोन्ही वेळा त्यांच्याशिवाय. दुसऱ्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पहिल्या वेळी मात्र लाल्या ऐन भरात होता. त्या चित्रपटात घाणेकर असते तर आजच्या पिढीला लाल्याची निदान सावली तरी पाहायला मिळाली असती.

त्या काळच्या नाटकांच्या जाहिरातींत आधी इतर कलावंतांची नावे छापली जात आणि सर्वांत शेवटी, ‘आणि’ या शब्दानंतर टिंबे देऊन, डॉ. काशिनाथ घाणेकर हे नाव येई. त्यांच्यावरील चित्रपटाचे शीर्षक तिथूनच आले. नाव पहिले असण्यापेक्षा शेवटचे असण्यात अधिक मान आहे, हे मराठी नाटकाच्या जाहिरातीला त्यांनी शिकवले. मराठी रंगभूमीचा पहिला सुपरस्टार असे त्यांना म्हटले जाते ते केवळ लोकप्रियतेमुळे नव्हे. नटाच्या नावावर नाटक विकले जाणे, हाउसफुल्लचा फलक संहितेच्या नव्हे तर चेहऱ्याच्या बळावर लागणे, ही रीत त्यांच्या काळात पक्की झाली. त्याचा फायदा रंगभूमीला झाला, तसा तोटाही झाला असेल. गोपाळराव, बापू, श्याम, ‘शितू’मधला विसू अशा वेगवेगळ्या भूमिका त्यांनी केल्या. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’तला बापू तर त्यांच्याच कोकणातला, आणि १९८० मध्ये तो पडद्यावरही त्यांनीच केला. पण प्रेक्षकांना हवा होता तो लाल्याच. श्यामच्या जागीही लाल्या, गोपाळरावांच्या जागीही लाल्या. नटाला याहून मोठे बक्षीस नाही आणि याहून मोठी शिक्षाही नाही.

१९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आले. अप्पासाहेब बेलवलकर साकारणारे डॉ. श्रीराम लागू हेही डॉक्टरच, कान, नाक, घशाचे. दोन डॉक्टरांची तुलना तेव्हापासून सुरू झाली ती नाट्यरसिकांच्या घरांत अजून चालू आहे. लागूंचा अभिनय विचारातून येणारा, घाणेकरांचा अंगातून उसळणारा. सत्तरच्या दशकात तेंडुलकरांची नाटके, ‘घाशीराम कोतवाल’, छबिलदासमधले प्रयोग यांनी प्रेक्षकांची एक नवी जात घडवली आणि टाळी घेणारा नट या जातीला थोडा जुनाट वाटू लागला. घाणेकरांना हा बदल मानवला नाही. मद्याच्या आहारी जाणे, प्रयोगांतली अनिश्चितता, मिळणाऱ्या भूमिकांना लागलेली ओहोटी, हे सारे त्यांच्या उत्तरायुष्याचा भाग आहे. त्याची वाच्यता त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांच्या ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात आहे, आणि चित्रपटातही आहे. कांचन या ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचनादीदींच्या कन्या, वयाने घाणेकरांपेक्षा बऱ्याच लहान. डॉ. इरावती यांच्याशी काडीमोड झाल्यानंतर कांचन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ज्यांच्यासोबत पडद्यावर काम केले त्या सुलोचनादीदी अशा नात्याने सासूबाई झाल्या. त्या काळी या विवाहाची चर्चा घरोघर झाली. ज्येष्ठ रसिकांसमोर हा विषय निघाला की आवाज अजूनही थोडा खाली येतो. त्यांच्या डोळ्यांपुढचा लाल्या आणि वर्तमानपत्रातून कळणारा माणूस यांची सांगड घालणे त्यांना तेव्हाही जड गेले होते. बहुतेकांनी ती घातलीच नाही.

२ मार्च १९८६ रोजी अमरावतीत, नाटकाच्या दौऱ्यावर असताना, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५५. मुंबईपासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, लॉजची खोली, बस आणि रात्रीचा प्रयोग असे दौऱ्याचे ठरलेले आयुष्य जगत असताना.

त्यांच्या जाण्याला चार दशके होऊन गेली. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ प्रदर्शित झाला. त्यात सुमीत राघवन लागू झाले, प्रसाद ओक पणशीकर झाले आणि सोनाली कुलकर्णी सुलोचनादीदी झाल्या. पुढच्याच वर्षी सुबोध भावे यांनी ‘अश्रूंची झाली फुले’ पुन्हा रंगभूमीवर आणले आणि स्वतः लाल्या रंगवला. नव्या प्रेक्षकाने तो मनापासून पाहिला. जुना प्रेक्षक मनातल्या मनात तुलना करत बसला, आणि तुलनेत मूळ लाल्याच जिंकणार हे ठरलेलेच होते, कारण तो फक्त त्याच्या एकट्याच्या डोळ्यांत होता आणि पन्नास वर्षांत तिथे वाढतच गेला होता. या आठवणी कुणीतरी पद्धतशीरपणे टिपून ठेवायला हव्यात, जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्याही. डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या ग्रंथालयांना आणि कट्ट्यांना ते अवघड नाही. फक्त वेळ फार हाताशी नाही.

नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रात अजूनही येतात. वर नाटकाचे नाव, त्याखाली लेखक, दिग्दर्शक, कलावंतांची नावे. आणि सर्वांत शेवटी, वार आणि वेळ दिल्यानंतर, ठाण्याच्या प्रयोगापुढे पुष्कळदा ते नाव छापलेले असते: डॉ. काशिनाथ घाणेकर.